माळ्यावरचा गेम सेट नेमका कुठला? वीज देण्याआधी मॉडेल ओळखायची पद्धत

गोव्यात जुना व्हिडिओ गेम हाती आला, की तो कुठल्या देशासाठी बनला होता हे गृहीत धरून चालत नाही. तारवट्यांनी, म्हणजे जहाजांवर नोकरी करणाऱ्यांनी, जपान, सिंगापूर, अमेरिकेच्या बंदरांतून सेट आणले. कुवेत, बहारीन, दुबईला नोकरी केलेल्यांनी आखातातून आणले. पुढे हे सगळे सेट घरांच्या माळ्यांवर आणि जुन्या सामानात एकत्र झाले. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा मडगावच्या एखाद्या दुकानात शेजारी शेजारी ठेवलेले दोन प्लेस्टेशन बाहेरून तंतोतंत सारखे दिसतील, पण एक १०० व्होल्टचा आणि दुसरा २३० व्होल्टचा असू शकतो. चुकीचा सेट भिंतीतल्या सॉकेटला लागला तर तो एका क्षणात जळतो. म्हणून इथे मॉडेल ओळखणे हा केवळ संग्राहकांचा छंद उरत नाही, सेट वाचवण्याची ती पहिली पायरी ठरते.

खालचा क्रम पाळा. घाईत एखादी पायरी गाळायची झाली तर कुठलीही गाळा, पहिल्या दोन मात्र नको.

जवळ काय हवे

- चांगला उजेड देणारी बॅटरी, भिंग आणि मोबाइलचा कॅमेरा
- मल्टीमीटर, एसी आणि डीसी दोन्ही मोजणारा
- फुलीचा स्क्रू ड्रायव्हर (सोनीच्या सेटना बहुतेक एवढा पुरतो)
- ३.८ मिमी आणि ४.५ मिमीचे गेमबिट (गेम सेटच्या खास स्क्रूंचे ड्रायव्हर): पहिला निन्टेन्डोच्या कॅसेटसाठी, दुसरा सुपर निन्टेन्डो आणि निन्टेन्डो ६४ यांच्या बॉडीसाठी
- तीन पात्यांचा ट्राय-विंग, गेम बॉयसाठी
- टॉर्क्स टी-१० आणि टी-२०, पहिल्या एक्सबॉक्ससाठी
- वही. सेट दोनपेक्षा जास्त असतील तर आठवणीवर विसंबू नका.

विकणाऱ्याकडे मूळ ॲडॉप्टर, खोका किंवा बिल आहे का ते विचारा. खोक्यावरचा मॉडेल नंबर आणि सेटवरचा नंबर जुळला तर निम्मे काम झाले.

१. सेट उलटा करा आणि लेबल वाचा

लेबल खालच्या किंवा मागच्या बाजूला असते. त्यावरच्या चार गोष्टी उतरवून घ्या: मॉडेल नंबर, सिरियल नंबर, वीज किती हवी ती ओळ (व्होल्ट, हर्ट्झ, वॅट) आणि असल्यास डेट कोड. मग लेबलचा सरळ वरून फोटो काढा. आपल्याकडच्या दमट हवेत लेबलाचा गोंद सुटतो आणि कडा वळतात. ओल्या फडक्याने पुसले तर अक्षरेही जातात. आधी फोटो, मग साफसफाई.

लेबल फाटलेले किंवा अर्धवट खरवडलेले असेल तर तो सेट अनोळखी समजा आणि थेट आठव्या पायरीवर जा. विकणारा ‘चालतो, कालच लावला होता’ म्हणाला तरी तो कशावर लावला होता हे त्यातून कळत नाही.

२. व्होल्टेजची ओळ

गोव्यात घरी येणारी वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची आहे. जपानचा सेट १०० व्होल्टचा असतो, अमेरिकेचा १२० व्होल्टचा आणि युरोपचा २२० ते २४० व्होल्टचा. आखातातले बहुतेक देश २३०-२४० वर चालतात, पण सौदी अरेबियात अनेक वर्षे १२७ व्होल्टही होते. त्यामुळे ‘गल्फचा आहे’ एवढ्यावर निर्धास्त राहू नका.

सर्वांत मोठा सापळा इथेच आहे. पहिला प्लेस्टेशन, जाडा प्लेस्टेशन २, सेगाचे सॅटर्न व ड्रीमकास्ट आणि पहिला एक्सबॉक्स या सगळ्यांच्या मागे इंग्रजी आठसारखा दोन पिनांचा एकच सॉकेट असतो. टेपरेकॉर्डरची आपल्याकडची वायर त्यात बिनबोभाट बसते. वायर बसली म्हणजे व्होल्टेज जुळले असा समज होतो आणि सेट उडतो.

आत काय होते ते समजून घेतले तर हा धोका विसरला जात नाही. पॉवर सप्लायमध्ये आलेली एसी वीज आधी डीसी होते आणि मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते. १२० व्होल्टच्या सेटमध्ये हा साठा साधारण १७० व्होल्टपर्यंत जातो, म्हणून तिथे २०० व्होल्टचा कपॅसिटर लावलेला असतो. त्याच सेटला २३० व्होल्ट दिले की साठा ३२५ व्होल्टवर पोहोचतो. कपॅसिटर फुगतो किंवा फुटतो, फ्यूज उडतो आणि अनेकदा स्विचिंगचा भागही जातो. नुसता फ्यूज बदलून असा सेट परत सुरू करायला जाऊ नका.

१०० किंवा १२० व्होल्टचा सेट चालवायचा असेल तर मार्ग दोन:

- स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर. जड, आत तांब्याचे वेटोळे असलेला घ्या. क्षमता सेटच्या लेबलवरच्या वॅटच्या किमान दुप्पट ठेवा. इस्त्री आणि हेअर ड्रायरसाठी मिळणारे हलके ‘कन्व्हर्टर’ विजेची लहर कापून व्होल्टेज उतरवतात, ते गेम सेटला लावू नका. पिनेचा आकार बदलणारा प्लग तर व्होल्टेज अजिबात बदलत नाही.
- आतला पॉवर सप्लाय बदलणे. त्याच मॉडेल मालिकेतला २२०-२४० व्होल्टचा बोर्ड मिळाला तर हा उपाय जास्त सुटसुटीत. मालिका वेगळी असेल तर जोडणीच्या पिना वेगळ्या असू शकतात.

३. पहिला प्लेस्टेशन

ओळखायला सर्वांत सोपा, कारण सोनीने पद्धत काटेकोर ठेवली. मॉडेल नंबर एससीपीएचने सुरू होतो आणि शेवटचा आकडा प्रदेश सांगतो: ० जपान, १ उत्तर अमेरिका, २ युरोप-ऑस्ट्रेलिया, ३ आशिया. म्हणजे ७५०१ आणि ७५०२ यांच्यात फरक एका आकड्याचा, पण पहिला आपल्या सॉकेटवर जळेल आणि दुसरा चालेल.

पिढी ओळखायला सेट मागून बघा:

- मागे पिवळा-पांढरा-लाल असे वेगळे जॅक आहेत: १००० मालिका (१००१, १००२). जपानच्या एससीपीएच-१००० ला, म्हणजे ३ डिसेंबर १९९४ रोजी बाजारात आलेल्या पहिल्या मॉडेलला, शिवाय एस-व्हिडिओचा जॅकही आहे.
- ते जॅक नाहीत, पण रुंद पॅरलल पोर्ट आहे: ५५००, ७०००, ७५०० या मालिका. यांतली नेमकी कुठली ते लेबलच सांगेल.
- पॅरलल पोर्टही नाही, छोटा सिरियल पोर्ट मात्र आहे: ९००० मालिका.
- छोटा, गोलसर, पांढरा: पीएस वन, २००० सालचा. नंबर १००, १०१, १०२, १०३. याचा ॲडॉप्टर बाहेर असतो, ७.५ व्होल्ट डीसी, २ अँपिअर, आतली पिन पॉझिटिव्ह. इथे प्रदेश कुठलाही असला तरी योग्य ॲडॉप्टर लावला की विजेचा प्रश्न मिटतो.

१००० मालिकेबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण लोक ती आवाजाच्या दर्जासाठी शोधत असतात आणि तिची किंमतही त्यामुळे चढते. या सेटमध्ये लेझर पॉवर सप्लायच्या शेजारी, उष्णतेत बसलेला आहे आणि तो ज्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर सरकतो ती झिजते. मग व्हिडिओ अडखळतो, गाणी तुटतात. सेट उलटा ठेवून खेळायची जुनी युक्ती याच दुखण्यावरची. पुढच्या मालिकांमध्ये लेझर पॉवर सप्लायपासून लांब नेला. रोज खेळायला सेट हवा असेल तर माझे मत ७५०२ किंवा ९००२ च्या बाजूने आहे. १००२ संग्रहासाठी घ्या.

पांढऱ्या रंगाचा, पीएस वनपेक्षा मोठा सेट दिसला तर नंबर नीट बघा. आशियासाठीचा ५९०३ व्हिडिओ सीडीही वाजवतो. तो कमी मिळतो, आणि ओळखू न आल्यामुळे साध्या सेटच्या भावात जातो.

‘अमेरिकन डिस्क चालली, म्हणजे सेट अमेरिकन’ हा तर्क करू नका. आपल्याकडच्या असंख्य सेटमध्ये मॉडचिप (प्रदेशाचे बंधन काढणारी जादा चिप) बसवलेली असते, आणि मॉडचिप असलेला सेट कुठल्याही प्रदेशाची डिस्क घेतो. डिस्कवरून मॉडेल कधीच ठरवू नका.

४. प्लेस्टेशन २

इथे नंबर पाच आकडी आणि प्रदेशाचा आकडा पुन्हा शेवटी, पण यादी मोठी आहे: ० जपान, १ उत्तर अमेरिका, २ ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड, ३ ब्रिटन, ४ युरोप, ५ कोरिया, ६ हाँगकाँग-सिंगापूर, ७ तैवान. पहिल्या प्लेस्टेशनची सवय झालेली माणसे इथला ३ ‘आशिया’ समजतात. तो ब्रिटन आहे.

जाड्या सेटमध्ये मागे मुख्य स्विच असतो. पुढून यूएसबीच्या बाजूला आय-लिंकचे छोटे छिद्र असेल तर सेट ३९००० मालिकेचा किंवा त्याआधीचा. ते नसेल तर ५०००० मालिका. हिच्यात रिमोटचा इन्फ्रारेड सेन्सर आतच आहे आणि पंख्याचा आवाजही कमी. मागे हार्ड डिस्कसाठी मोठा कप्पा ३०००० मालिकेपासून आला. जपानच्या सुरुवातीच्या १०००० आणि १८००० या मॉडेलांत त्या जागी पीसीएमसीआयए कार्डचा खाचा आहे.

बारीक सेटमध्ये एक वळण आहे. ७००००, ७५०००, ७७००० आणि ७९००० या मालिकांचा ॲडॉप्टर बाहेर असतो आणि तो ८.५ व्होल्ट डीसी देतो. ॲडॉप्टरच्या इनपुटच्या ओळीत १००-२४० लिहिले असेल तर बिनधास्त लावा. ९०००० मालिकेत मात्र पॉवर सप्लाय पुन्हा आत गेला आणि मागे तोच आठ आकाराचा सॉकेट आला. बारीक सेट म्हणजे व्होल्टेजची चिंता नाही असे ऐकून ९०००१ लावलात तर दुसऱ्या पायरीतला अपघात इथेही होईल.

९०००० मालिकेत डेट कोडही वाचा. पहिला आकडा वर्षाचा आणि पुढचे अक्षर तिमाहीचे, म्हणजे ‘८सी’ हा २००८ च्या तिसऱ्या तिमाहीचा. मेमरी कार्डावरून सुरू होणारे आणि बाहेरचे प्रोग्रॅम चालवू देणारे फ्री मॅकबूट हे सॉफ्टवेअर ८डी आणि त्यानंतरच्या सेटवर चालत नाही. ८सी मध्ये काही चालतात, काही नाही. त्या कामासाठी सेट घेत असाल तर पैसे देण्याआधी हा कोड बघा.

५. बाहेरच्या ॲडॉप्टरचे सेट: निन्टेन्डो आणि सेगा

या सेटचा ॲडॉप्टर मूळ असेलच असे नाही. कुणीतरी सेट-टॉप बॉक्सचा १२ व्होल्टचा ॲडॉप्टर जोडून दिलेला असतो. त्याची आतली पिन पॉझिटिव्ह असते आणि जुन्या जपानी सेटना बरोबर उलटे हवे असते. हे पाठ करून ठेवा:

- फॅमिकॉम आणि सुपर फॅमिकॉम (निन्टेन्डोचे जपानी सेट): १० व्होल्ट डीसी, आतली पिन निगेटिव्ह.
- एनईएस (फॅमिकॉमची जपानबाहेरची आवृत्ती) आणि युरोपचा सुपर निन्टेन्डो: ९ व्होल्ट एसी. हा ॲडॉप्टर फॅमिकॉमला लावलात तर तो बिघडेल, कारण त्याला डीसीच हवा.
- सेगाचा मेगा ड्राइव्ह १: साधारण ९-१० व्होल्ट डीसी, आतली पिन निगेटिव्ह.
- मेगा ड्राइव्ह २: १० व्होल्ट डीसी, छोटी पिन, आतली पॉझिटिव्ह.
- निन्टेन्डो ६४: मागे घुसणारा स्वतःचा ठोकळा, ३.३ आणि १२ व्होल्ट देणारा. जपानी किंवा अमेरिकन सेटला युरोपचा २३० व्होल्टचा ठोकळा चालतो.
- गेमक्यूब: १२ व्होल्ट डीसी, ३.२५ अँपिअर, स्वतःची वेगळी पिन.

ॲडॉप्टर लावण्याआधी तो मोकळा ठेवून मल्टीमीटरने मोजा. लोड नसताना जुना ट्रान्सफॉर्मरचा ॲडॉप्टर लिहिलेल्यापेक्षा चार-पाच व्होल्ट जास्त दाखवतो, त्यात बिघाड नाही. पिनेची दिशा उलटी दिसली तर मात्र थांबा.

मेगा ड्राइव्हमध्ये जाणकार आवाजावर भांडतात आणि ते रास्त आहे. पुढे हेडफोनचा जॅक आणि आवाजाची सरकपट्टी असेल तो मॉडेल १. त्याच्या गोलाभोवती ‘हाय डेफिनिशन ग्राफिक्स’ अशी अक्षरे असतील तर तो बहुधा आधीचा आणि स्वच्छ आवाजाचा. सुरू होताना सेगाच्या परवान्याचा मजकूर पडद्यावर येत असेल तर सेट नंतरचा. ही दोन्ही चिन्हे अंदाजापुरती घ्या. खात्री बोर्डावर छापलेल्या व्हीए आकड्याने होते: व्हीए० ते व्हीए६ चांगले, व्हीए७ चा आवाज दबका. बॉडी बदललेली असली तरी हा आकडा बदलत नाही.

गेमक्यूबसाठी मागे बघा. एव्हीचे दोन पोर्ट असतील तर डीओएल-००१, एकच असेल तर डीओएल-१०१. डिजिटल व्हिडिओ हवा असेल तर पहिलाच घ्या.

६. अस्सल की नकली

१९९० च्या दशकात आपल्याकडे ‘टीव्ही गेम’ म्हणून जे घरोघरी आले त्यांत बहुसंख्य फॅमिकॉमच्या नकला होत्या. त्यांनाही संग्रहात जागा आहे, फक्त त्या अस्सलच्या भावात घेऊ नका. ओळख अशी:

- खऱ्या फॅमिकॉमचे (१९८३, एचव्हीसी-००१) दोन्ही कंट्रोलर सेटला कायमचे जोडलेले असतात. दुसऱ्यावर स्टार्ट-सिलेक्ट नसते, मायक्रोफोन असतो. नऊ पिनांचा, काढता येणारा कंट्रोलर दिसला की नक्कल.
- १९९३ च्या एव्ही फॅमिकॉमचे कंट्रोलर काढता येतात, पण त्यांची जोडणी सात पिनांची आहे.
- उघडल्यावर वेगवेगळ्या चिप्सऐवजी एकच काळा डांबरी ठिपका दिसला तर नक्कल.
- पीएस वनसारखी बॉडी, पण झाकण उघडल्यावर सीडीऐवजी कॅसेटचा खाचा: तो ‘पॉलीस्टेशन’ जातीचा.

फॅमिकॉमची कॅसेट ६० पिनांची आणि एनईएसची ७२ पिनांची. जबरदस्तीने घुसवू नका.

७. गेम बॉय

थोडक्यात: जुना जाडा डीएमजी-०१ (१९८९) चार पेन्सिल सेलवर, पॉकेट दोन बारीक सेलवर, कलर आणि ॲडव्हान्स दोन पेन्सिल सेलवर चालतात. घोटाळा होतो तो मिटणाऱ्या ॲडव्हान्स एसपीत. एजीएस-००१ चा उजेड समोरून, फिका. एजीएस-१०१ चा मागून, भरपूर, आणि किंमतही तशीच. लेबल आणि बॉडी दोन्ही बदलून विकतात, म्हणून उजेडाचे बटण दाबा. उजेड पूर्ण बंद होत असेल तर ००१. दोनच पातळ्यांत बदलत राहिला आणि बंद झालाच नाही तर १०१.

८. उघडून बोर्ड वाचणे

पावसाळ्यातल्या कुंद दिवशी उघडू नका. शक्य असेल तर कोरडा दिवस बघा. वायर काढून किमान दहा मिनिटे थांबा आणि पॉवर सप्लायच्या बोर्डाला हात लावू नका, तिथला मोठा कपॅसिटर भरलेला असू शकतो.

मुख्य बोर्डावर कोड छापलेला असतो. पहिल्या प्लेस्टेशनमध्ये तो पीयू-८ (१००१, १००२), पीयू-१८ (५५०० मालिका), पीयू-२० (७०००), पीयू-२२ (७५००), पीयू-२३ (९०००) असा आणि पीएस वनमध्ये पीएम-४१. लेबल ९००२ म्हणते आणि बोर्ड पीयू-१८, असे आढळले तर दोन सेटचा एक केलेला आहे. चालत असेल तर खेळायला हरकत नाही, मूळ स्थितीतला म्हणून जास्त पैसे देऊ नका.

मग चिप्सवरचे चार आकडे बघा. ९६३८ म्हणजे १९९६ चा ३८ वा आठवडा. सगळ्यांत नवी तारीख असलेली चिप सांगते, की हा बोर्ड त्याआधी बनलेला असूच शकत नाही. मॉडेल १९९५ चे आणि चिप ९८२२ ची असेल तर बोर्ड नंतर बदललेला आहे.

पातळ वायरींनी डाग दिलेली छोटी चिप दिसली तर ती मॉडचिप. फोटो काढा, ओढू नका.

पहिल्या एक्सबॉक्सचे दोन शब्द. सिरियल नंबरच्या शेवटच्या पाच आकड्यांत वर्षाचा एक, आठवड्याचे दोन आणि कारखान्याचे दोन: ०२ मेक्सिको, ०३ हंगेरी, ०५ चीन, ०६ तैवान. १.० ते १.५ आवृत्त्यांमध्ये घड्याळासाठीचा १ फॅरड, २.५ व्होल्टचा कपॅसिटर गळतो आणि बोर्डाचे तांबे खातो. सेट वापरात नसतानाही ही गळती चालूच राहते. तो काढून टाका, सेट त्याशिवाय चालतो. फक्त वायर काढली की वेळ पुसली जाते. १.६ मध्ये हा त्रास नाही.

९. पहिल्यांदा वीज देताना

व्होल्टेज जुळल्याची खात्री झाली, की आतल्या पॉवर सप्लायचा सेट आधी सिरीज बोर्डवर लावा. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या कुठल्याही जुन्या कारागिराकडे तो असतो: ६० वॅटचा तारेचा बल्ब आणि सेट एका ओळीत. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लखलखीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. आणि हा बल्ब १२० व्होल्टच्या सेटला २३० पासून वाचवत नाही, तो भ्रम ठेवू नका.

चित्र कृष्णधवल आले तर सेट बिघडला असे समजून विकून टाकू नका. जपान-अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीचा रंग आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या जुन्या टीव्हीला समजत नाही. युरोपच्या प्लेस्टेशनवर मॉडचिपच्या जोरावर अमेरिकन डिस्क लावली तरी हेच होते. दुसऱ्या, दोन्ही पद्धती घेणाऱ्या टीव्हीवर लावून बघा. गेम संथ आणि वर-खाली काळ्या पट्ट्या असतील तर सेट ५० हर्ट्झचा आहे, त्यावर ६० हर्ट्झसाठी बनवलेला गेम सुमारे १७ टक्के हळू चालतो.

जपानी फॅमिकॉमला एव्हीचा जॅक नाही, फक्त अँटेनाची वायर. तिचे चॅनल ९१ आणि ९७ मेगाहर्ट्झच्या आसपास, जिथे आपल्या टीव्हीचे व्हीएचएफ चॅनलच नाहीत. आणि चित्र कसेबसे पकडले तरी आवाज येत नाही, कारण जपानी पद्धतीत चित्र आणि आवाज यांत ४.५ मेगाहर्ट्झचे अंतर असते, आपल्या पद्धतीत ५.५. अशा सेटवर टीव्ही ट्यून करत बसू नका. एव्ही जोडणी काढून देणारा कारागीर गाठा, आणि त्याला सेटसोबत तुमच्या वहीतले मॉडेल आणि बोर्डाचा कोडही द्या.